मार्च एंड होऊ द्या, मग बघू

शुक्रवार, 12 मे 2017. संध्याकाळचे साडेपाच. पिग्मी एजंटांचा भरणा चालू होता, बाहेरचं ऊन अजून उतरलं नव्हतं आणि गंगाखेडच्या आमच्या पतसंस्थेत पंख्यांच्या घरघरीत एकमेकांचं बोलणंही नीट ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. पालम रस्त्यावरच्या एका गावात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. भरल्या दुकानातून तो सहसा फोन करत नाही.

“ताई, मशीनवर लाल पाटी आलीय. इंग्रजीत काय काय लिहिलंय अन् घड्याळ उलटं चालायलंय. काहून झालं असंल?”

“फोटो पाठव. अन् मशीनला हात लावू नको.”

“दोनदा बंद करून चालू केलं की. जातच नाही ती पाटी.”

व्हॉट्सॲपवर फोटो आला. लाल चौकट, डाव्या बाजूला दोन उलटी घड्याळं. तुमच्या फायली कुलूपबंद झाल्या आहेत, 300 डॉलर बिटकॉइनमध्ये भरा. तीन दिवसांत भरले नाहीत तर रक्कम दुप्पट, सात दिवसांनी फायली कायमच्या गेल्या. त्याला म्हटलं, ‘उधारी’ नावाचं फोल्डर उघड. प्रत्येक एक्सेल फाइलच्या नावामागं डब्ल्यूएनसीआरवाय अशी अक्षरं चिकटली होती. एकही फाइल उघडेना. चार वर्षांची उधारी त्यात होती आणि पेरणी महिन्यावर आली होती.

मी 2009 पासून या पतसंस्थेत आहे. कॅशियर म्हणून लागले. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला, त्यामुळे हळूहळू सगळी मशीनं माझ्याकडंच आली. मुख्य कार्यालय आणि तीन शाखा मिळून तेव्हा 21 मशीनं होती: 12 विंडोज सेव्हनची, 7 एक्सपीची, एक विंडोज टेन आणि एक सर्व्हर, विंडोज सर्व्हर 2008 आर-टूचा. आयटी विभाग वगैरे आमच्याकडं नव्हता. बंद पडलं की ‘ताईला बोलवा’, एवढीच व्यवस्था.

रात्री टीव्हीवर इंग्लंडमधली सरकारी रुग्णालयं दाखवत होते. रुग्णांना परत पाठवलं जात होतं, शस्त्रक्रिया पुढं ढकलल्या जात होत्या, आणि पडद्यावर तीच लाल चौकट होती. नाव कळलं, वॉनाक्राय. जेवण तसंच ठेवून मी मोबाइलवर वाचत बसले. अकराच्या सुमारास एका ओळीपाशी थांबले: ज्या फटीतून हा किडा आत शिरतो, ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच काढलेला आहे.

14 मार्च ते 12 मे. बोटांवर मोजलं. 59 दिवस.

मार्चच्या मध्यावर मी कुठं होते ते मला पक्कं आठवत होतं. सर्व्हरच्या पडद्यावर खाली उजवीकडं पिवळा फुगा आला होता, अपडेट तयार आहेत म्हणून. मी साहेबांना विचारलंही होतं. ते म्हणाले, “ताई, आता मशीनला हात लावू नका. मार्च एंड होऊ द्या, मग बघू.” त्यांचं चूक होतं असं मी तेव्हा म्हटलं नाही, कारण मलाही तेच हवं होतं. थकबाकीची वसुली, व्याजाच्या नोंदी, ताळेबंद; त्या दिवसांत सर्व्हर तासभर बसला तर रडायची वेळ येते. एप्रिलमध्ये ऑडिट लागलं. मग अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई, ठेवी मोडायला रोज रांग. तो फुगा येत राहिला आणि मी ‘नंतर’वर क्लिक करत राहिले.

हे 59 दिवस कुणा एका आळशी माणसाचे नव्हते. ते मार्च एंडचे, ऑडिटचे, लग्नांचे होते. आपल्याकडच्या कुठल्याही लहान कार्यालयाचे असतात तसे. पण ती फट मधल्या काळात स्वस्थ बसलेली नव्हती. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला ती आधीपासून माहीत होती आणि तिच्यावर त्यांनी इटर्नलब्लू नावाचं हत्यार तयार करून ठेवलं होतं. कंपनीला वेळेवर सांगायचं सोडून असं हत्यार जपून ठेवणं मला आजही अक्षम्य वाटतं. 14 एप्रिलला शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीनं ते जगासमोर उघडं टाकलं. म्हणजे पॅच हातात आल्यावर एका महिन्यानं चोरांच्या हातात किल्ली आली, आणि त्यानंतर आणखी महिन्याभरानं ते भावाच्या दुकानात पोचले.

भोक नेमकं काय होतं ते समजून घ्यायला मला पुढं बरेच दिवस लागले. समजलं ते मोंढ्यातल्या हिशेबानं. समजा एका अडत्याच्या कागदावर 10,000 पोत्यांची आवक लिहिली आहे. तपासताना काही पोती बाद निघाली आणि खरा आकडा 9,842 झाला. कारकुनानं जुना आकडा पूर्ण खोडून नवा लिहायला हवा. त्यानं फक्त शेवटचे चार आकडे बदलले, पुढचा 1 तसाच राहिला. आता कागदावर दिसतात 19,842. गोदाम उघडलं होतं ते दहा हजारांच्या बेतानं. हमाल कागद बघून पोती टाकत राहतात, गोदाम भरतं, मग भिंत ढकलून पोती शेजारच्या गोदामात पडायला लागतात.

विंडोजमध्ये एका मशीनवरून दुसऱ्या मशीनला फायली, प्रिंटर वापरू देणारा एसएमबी नावाचा भाग आहे. त्याच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत अगदी हेच घडत होतं. मोठा आकडा दुरुस्त करताना प्रोग्रॅम त्याचा निम्मा भागच बदलायचा. आमच्या गोष्टीत जो दहा हजारांचा उंबरठा आहे, तो संगणकात 65,536 ला येतो. आणि शेजारचं गोदाम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, कर्नलची, मेमरी. तिथं जे पडेल त्याला सगळ्या घराच्या किल्ल्या मिळतात. पोत्यांत काय भरायचं हे पाठवणारा ठरवतो. त्यासाठी कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक करावं लागत नाही, पासवर्ड लागत नाही. मशीन चालू असावं आणि 445 नंबरचं दार बाहेरून गाठता यावं, एवढं पुरे. भावानं काहीही चूक केली नव्हती. त्याचं नेट मॉडेममधून थेट मशीनवरच डायल होत होतं, त्यामुळे ते दार रस्त्यावरच उघडत होतं. वर्षभरापूर्वी मशीन दुरुस्त करणाऱ्यानं बिलाचा प्रोग्रॅम अडतो म्हणून विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्याला दारातच अडवणारी सोय, बंद केली होती आणि नेट खातंय म्हणून अपडेटही.

दुसऱ्या दिवशी, 13 मेला, दुसरा शनिवार होता. सुट्टी. सकाळी सातला मी शिपाईमामांना घरून बोलावलं आणि शटर उघडून घेतलं.

आधी सगळ्या मशीनच्या मागची लॅनची वायर काढली. मशीन चालू करायच्या आधी. हा किडा एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर स्वतःहून जातो, हे रात्री वाचलं होतं. एकाला लागण असली तरी बाकीची वाचावीत. पालम, सोनपेठ आणि तिसऱ्या शाखेतल्या पोरांना फोन करून तेच सांगितलं: वायरी काढा, मगच बटण दाबा. मामा म्हणाले, “ताई, रोग आलाय का मशीनला?” मी हो म्हटलं. त्यांनी गेल्या वर्षी जनावरांच्या साथीत गोठ्यात दोरीनं अंतर पाडलं होतं. त्यांना एका वाक्यात समजलं, त्यामुळे मला बरं वाटलं.

मग पॅच उतरवणं. विंडोज सेव्हनसाठी केबी4012212. माझ्या मोबाइलच्या रोजच्या एक जीबीवर ते उतरवलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि सगळ्यात आधी माझ्याच मशीनवर टाकलं. रिस्टार्ट झाल्यावर एकेक गोष्ट तपासली: पतसंस्थेचं सॉफ्टवेअर उघडतं का, पासबुक प्रिंटरवर ओळ नीट छापते का, सह्यांचे नमुने दिसतात का, पिग्मीच्या यंत्रातला डेटा उतरतो का. सगळं चाललं. मग जुन्या आवक-जावक रजिस्टरच्या मागच्या पानांवर रकाने आखले: मशीनचा नंबर, विंडोज कोणती, पॅच टाकला तो दिवस-वेळ, तपासलं कुणी. ते रजिस्टर माझ्याकडं अजून आहे.

तिसऱ्या मशीनला अडलं. ‘हे अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही.’ चौथ्यालाही तेच. मला वाटलं, म्हणजे यांना भोकच नसणार. क्षणभर हायसं वाटलं. असं वाटणं फार धोक्याचं असतं, कारण तो संदेश ‘तुम्ही सुरक्षित आहात’ असं म्हणत नसतो. एक मशीन 64 बिटचं होतं आणि माझ्याकडं 32 बिटची फाइल होती. दुसऱ्यावर सर्व्हिस पॅक 1, म्हणजे विंडोजच्या सुधारणांचा मोठा गठ्ठा, टाकलेलाच नव्हता. 2011 मध्ये निघालेला पॅक, आणि मशीन सहा वर्षं त्याच्याशिवाय चालत होतं. पायाच नाही तर त्यावर ठिगळ बसणार कसं? अशी सर्व्हिस पॅक नसलेली चार मशीनं निघाली. 32 बिटचा तो पॅक 537 एमबीचा आणि 64 बिटचा 900 एमबीच्या वर. माझा डेटा संपला, मामांचा संपला, शेवटी साहेबांच्या मुलानं बाराच्या उन्हात मोटारसायकलवर त्याचा मोबाइल आणून दिला.

एक्सपीबद्दल मी सकाळी आशा सोडली होती. 8 एप्रिल 2014 नंतर एक्सपीला पॅच मिळणं बंद झालं होतं. पण त्याच शनिवारी बातमी आली की मायक्रोसॉफ्टनं नियम मोडून एक्सपीसाठीही हा एक पॅच खुला केलाय, केबी4012598. त्या दिवशी जेवढं हलकं वाटलं तेवढं पुन्हा क्वचितच वाटलं. सातही मशीनं संध्याकाळपर्यंत झाली.

सर्व्हर मुद्दाम शेवटी ठेवला होता. साडेसात हजार खातेदारांचा हिशेब त्या एका डब्यात. गंगाखेडच्या भाजीबाजारात रोज पन्नास रुपये पिग्मी भरणाऱ्या बायका आहेत. लेकीच्या लग्नाला ते पैसे काढतात. त्यांचं पुस्तक म्हणजे तो डबा. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेतला. त्यातला एक घरच्या लॅपटॉपवर उघडून खरोखर उघडतो का ते पाहिलं, कारण न उघडणाऱ्या बॅकअपच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. मग पॅच टाकला आणि रिस्टार्ट दिलं. पडदा काळा झाला. पाच मिनिटं, दहा, वीस. मामा चहा घेऊन आले तो तसाच थंड झाला. मी देवाचं नाव घेत उभी होते असं सांगायला मला लाज वाटत नाही. चोविसाव्या मिनिटाला लॉगिनची खिडकी आली.

रविवारी सोनपेठला गेले. तिथं एका मशीनवर सर्व्हिस पॅक चढत होता, ‘संगणक बंद करू नका’ अशी पाटी होती आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली; चार मिनिटंसुद्धा तिनं दिली नाहीत. लाइट आल्यावर मशीन सुरू व्हायचं, ‘बदल मागे घेत आहे’ म्हणायचं आणि पुन्हा रिस्टार्ट. तेच, तेच, तेच. आठ-नऊ वेळा. त्या मशीनचा बॅकअप मी घेतला नव्हता, कारण ‘त्यात काही नाही’ असं शाखेतल्या पोरानं सांगितलं होतं. त्यात दोनशे खातेदारांच्या सह्यांचे स्कॅन होते. सेफ मोडही येईना. शेवटी दुरुस्तीच्या मेनूतून, विंडोजनं अपडेटच्या आधी स्वतःच करून ठेवलेल्या रिस्टोअर पॉइंटवर मागं जाता आलं. रात्रीचे नऊ वाजले होते. आधी सह्या पेनड्राइव्हवर काढल्या, समोरच्या मेडिकल दुकानातून इन्व्हर्टरची वायर ओढून घेतली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. त्या दुकानदारानं अर्धा तास स्वतःचे पंखे बंद ठेवले. मे महिन्यात मराठवाड्यात पंखा बंद ठेवणं म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल.

सोमवारी सकाळी दहाला शटर उघडलं आणि पंधरा मिनिटांत एक्सपीच्या सातही मशीनना सर्व्हर दिसेनासा झाला. बियाण्यांसाठी पैसे काढायला आलेल्यांची रांग पायरीपर्यंत.

ही चूक माझी होती. शनिवारी रात्री सर्व्हर नीट उठल्याच्या आनंदात मी त्याच्यावरची एसएमबीची पहिली आवृत्तीच बंद करून टाकली होती. जुनं दार हवंच कशाला, असा विचार. सल्लाही तसाच दिला जात होता. पण एक्सपीला दुसरं दार माहीतच नाही. तिला एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येते. शनिवारी मी सॉफ्टवेअर तपासलं ते विंडोज सेव्हनच्या मशीनवरून. साहेब काही बोलले नाहीत, नुसते माझ्या मागं येऊन उभे राहिले. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, “पैसे हायेत न बाई आमचे?” मी म्हटलं, “हायेत बाबा, सगळे हायेत. अर्धा घंटा द्या.” ते दार पुन्हा उघडलं, सर्व्हर पुन्हा रिस्टार्ट. चाळीस मिनिटं गेली.

त्या बाबांच्या प्रश्नानं मला जे समजलं ते कुठल्या सूचनापत्रकात नव्हतं. पॅच टाकायचा तो माणसांच्या पैशांसाठी, आणि पॅचमुळे चाळीस मिनिटं काउंटर बंद राहिलं तरी घाबरतात ती तीच माणसं. त्यामुळे ‘हात लावू नका’ म्हणणारे साहेब मला त्यानंतर कधी अडाणी वाटले नाहीत. ते एका भीतीपासून पतसंस्थेला वाचवत होते, मी दुसऱ्या. फरक एवढाच, की त्यांची भीती दर सोमवारी डोळ्यांना दिसायची आणि माझी 12 मेपर्यंत दिसली नव्हती.

भावाचं मात्र सुटलं नाही. तो पैसे भरायला तयार होता. तेव्हाच्या भावानं 300 डॉलर म्हणजे एकोणीस हजारांच्या आसपास. उधारी होती लाखांत. मी नको म्हटलं. वाचलं होतं त्यावरून त्या चोरांची पैसे घ्यायची मोजकीच खाती होती आणि कोणत्या मशीनवाल्यानं पैसे भरले हे ओळखायची धड सोयही नव्हती. मग किल्ली तरी कोण देणार? इकडं शुक्रवारीच, आपल्याकडं रात्र होत असताना, इंग्लंडमधल्या मार्कस हचिन्स या 22 वर्षांच्या तरुणानं किडा ज्या पत्त्याची चौकशी करत होता तो वेबपत्ता स्वतःच्या नावावर घेतला होता. तो पत्ता उत्तर देतोय म्हटल्यावर किडा थांबायचा. त्यामुळे जगभरातली कितीतरी मशीनं वाचली, कदाचित आमचीही. पण भावाचं मशीन दुपारीच सापडलं होतं.

आणि मग त्याच आठवड्यात आणखी एक बातमी. फ्रान्समधल्या संशोधकांनी एक साधन काढलं होतं. कुलपाची किल्ली ज्या आकड्यांपासून बनते, ते आकडे काही वेळा मशीनच्या मेमरीत शिल्लक राहतात. तिथून ते वेचून फायली उघडता येतात. अट एकच, लागण झाल्यापासून मशीन बंद केलेलं नसावं. “दोनदा बंद करून चालू केलं की,” हे त्याचं वाक्य माझ्या कानात होतं. मी ही बातमी त्याला दोन वर्षं सांगितली नाही.

उधारी परत कशी उभी राहिली ते सांगायलाच हवं. पावतीपुस्तकांच्या कार्बन कॉपी होत्या त्यातून निम्मी लागली. बाकीचं गावानं सांगितलं. दुकानाचं मशीन गेलं ही गोष्ट दोन दिवसांत पंचक्रोशीत झाली होती. लोक यायचे, ओट्यावर बसायचे आणि सांगायचे: माझ्याकडं चार हजार साडेतीनशे हायेत, लिहून घे. दोन बॅगा डीएपीच्या राहिल्यात, लिही. सगळे आले असं नाही. पण आले ते आपल्या पायांनी आले. भावानं ती वही शाईच्या पेननं लिहिली आणि ती आजही दुकानात देवाच्या फोटोखाली आहे.

जूनमध्ये संचालक मंडळाच्या सभेत मी दोन गोष्टी मागितल्या: सात एक्सपी मशीनं बदलायची आणि महिन्यातून एक दिवस फक्त अपडेटचा. अध्यक्ष अण्णांनी खर्च विचारला. मी रजिस्टर पुढं ठेवलं आणि 14 मार्च ते 12 मे सांगितलं. पहिल्या मागणीला दसऱ्यापर्यंत वेळ लागला. दुसरी मात्र त्याच दिवशी मान्य झाली. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचा माणूस फोनवर म्हणाला, अपडेट टाकले आणि आमचा प्रोग्रॅम बंद पडला तर जबाबदारी आमची नाही. मी म्हटलं, लेखी द्या. लेखी आलं नाही. माझं आजही मत आहे की असं सांगणारी माणसं ग्राहकाच्या घराला कुलूप लावू देत नाहीत आणि चोरी झाली तर त्यांचं नाव कुठंच नसतं.

महिन्याचा दिवस ठरवताना एक जमून आलं. मायक्रोसॉफ्टचे पॅच 2003 पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. आमची सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. कॅलेंडर समोर धरून मांडलं तर पॅच निघाल्यावर पहिला सुट्टीचा शनिवार एक तर चौथ्या दिवशी येतो नाहीतर अकराव्या. चार दिवसांवर आला तर बुधवारीच माझ्या मशीनवर टाकून दोन दिवस बघायचं, मग बाकीची मशीनं. कुठं 59 आणि कुठं 11! याहून कमी हवेत हे मला कळतं. पॅच निघाला की जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून भोक कुठं होतं ते शोधणारे त्याच रात्री कामाला लागतात. म्हणून मोठं काही असलं तर शनिवारची वाट बघत नाही. मे 2019 मध्ये दूरवरून मशीन चालवायच्या सोयीत ब्लूकीप नावाचं असंच विनापासवर्डचं भोक निघालं, तेव्हा दोन रात्रींत सगळी मशीनं केली. जुलै 2021 मध्ये प्रिंटनाइटमेअर आलं, ते तर छपाईच्या भागातच होतं. पासबुक प्रिंटर अडेल या धास्तीनं पुन्हा एकदा एकाच मशीनवर आधी, मग बाकीच्यांवर. अडला नाही.

एक्सपीच्या जुन्या मशीनपैकी दोन मी टाकून दिली नाहीत. विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून चौकशीच्या खिडकीवर ठेवली. लिनक्सला भोकं नसतात असं पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. जानेवारी 2022 मध्ये पीकेएक्झेक नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये जे सापडलं ते तिथं 2009 पासून होतं. बारा वर्षं कुणाच्या नजरेला आलं नाही. साध्या वापरकर्त्याला त्यातून थेट मालकी मिळत होती. दोन कमांड दिल्या, पाच मिनिटांत पॅच लागला, रजिस्टरमध्ये ओळ पडली.

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, विंडोज टेनची पाळी आली. 14 ऑक्टोबरला तिचे नेहमीचे पॅच थांबणार होते. आमच्या 24 मशीनपैकी 9 अशी होती की विंडोज इलेव्हन त्यांच्यावर चढतच नाही; टीपीएम ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुना. यावेळी मी मार्चमध्येच यादी दिली होती, मार्च एंडच्या आत, साहेबांच्या टेबलावर. नवे साहेब आहेत, त्यांनी विचारलं, “ऑक्टोबरचं आताच कशाला, ताई?” मी रजिस्टरचं मागचं पान उघडून दिलं. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून आम्ही तिघं परत कार्यालयात आलो आणि रात्रीपर्यंत नवी नऊ मशीनं लावून टाकली. मामा रिटायर झालेत, तरी वायरी धरायला आले होते.

भावाच्या दुकानात मशीन आता राउटरच्या मागं आहे, फायरवॉल चालू आहे, बॅकअपची हार्ड डिस्क रोज संध्याकाळी वायर काढून कपाटात जाते. महिन्याच्या त्या बुधवारी सकाळी त्याचा फोन ठरलेला: “ताई, आलं का ह्या महिन्याचं?” मागच्या पेरणीच्या दिवसांत मी दुकानात बसले होते तेव्हा ऐन गर्दीत त्यानं रिस्टार्ट दिलं. पडद्यावर टक्के सरकत होते, पाच-सहा जण बियाण्यांच्या पिशव्या घेऊन ताटकळत उभे. एकानं विचारलं, “बंद पडलं का रं?”

“नाही काका,” तो म्हणाला, “ठिगळ लागायलंय. पाच मिनिटं बसा, पाणी घ्या.”

काका ओट्यावर टेकले.